प्रादेशिक आराखडा आणि रस्त्यांचा आराखडा एकमेकांना का भेटत नाहीत?

पेडणे तालुक्यातील एका पंचसदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, दोन-तीन मोठ्या सर्व्हे क्रमांकांचे बागायतीतून वस्तीक्षेत्रात रूपांतर झाले आहे. गावातला रस्ता जेमतेम पावणेचार मीटरचा आहे आणि तो दहा मीटर करण्याचा प्रस्ताव आता ग्रामसभेपुढे येणार आहे. रूपांतर करताना रस्त्याचा विचार झाला नव्हता काय, जमिनीचा आराखडा आणि वाहतुकीचा आराखडा वेगवेगळे का असतात, आणि ग्रामसभेने या प्रस्तावाला काय उत्तर द्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

नोकरीची पहिली वर्षे मी रस्त्यांच्या आखणीत काढली आणि नंतरची जमीन-वापराच्या आराखड्यांत, म्हणून दोन्ही टेबलांच्या मागे बसलेल्या माणसाचे हे उत्तर समजावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. विचार झाला नव्हता, आणि तो कोणी मुद्दाम टाळला असेही बहुधा नाही. अर्ज ज्या वाटेने फिरतो त्या वाटेवर तो विचार करण्याची जागाच नाही. उतार किती, झाडे किती, पाण्याची वाट कुठून, एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) नाव कोणाचे, हे सारे विचारले जाते. या जमिनीवरून रोज किती गाड्या उतरतील आणि त्या कोणत्या रस्त्यावर येतील, हा रकाना रूपांतराच्या फाइलीत मी माझ्या काळात पाहिलेला नाही.

हा रकाना असता तर काय दिसले असते, ते एका ढोबळ हिशेबाने पाहू. समजा माळावरची दहा हेक्टर, म्हणजे एक लाख चौरस मीटर, जमीन वस्तीक्षेत्रात आली आणि तिथे ६० एफएआर, म्हणजे जमिनीच्या साठ टक्के इतके एकूण बांधकाम, मिळाला. कागदावर बांधकाम झाले साठ हजार चौरस मीटर. अंतर्गत रस्ते, मोकळी जागा, जिने वगैरे वजा करून चाळीस हजार धरा. शंभर मीटरचे एक घर धरले तर चारशे घरे झाली. घराचा मालक, त्याची मुले, कामाला येणारी बाई, गॅसचा सिलिंडर, पाण्याचा टँकर, पार्सल पोचवणारा पोरगा असे सर्व मिळून, जाणे वेगळे आणि येणे वेगळे मोजता, एका घरामागे दिवसाला पाच फेऱ्या मी धरतो. हे माझे गृहीत आहे. कोणी चार धरील, कोणी सात. पाचाने दोन हजार फेऱ्या होतात. निम्म्या दुचाकी आहेत आणि दुचाकीचे वजन गाडीच्या अर्धे, असे मानले तरी मोटारीच्या मापात दीड हजार उरतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या मार्गदर्शिकेत सपाट भागातील एकपदरी ग्रामीण रस्त्याची आखणी दिवसाला दोन हजार मोटारींच्या मापाने करावी असे आहे. साडेपाच मीटरच्या रस्त्याला सहा हजार आणि दुपदरी रस्त्याला पंधरा हजार. म्हणजे एका रूपांतराने, एकही नवी वीट बसण्याआधी, तुमच्या रस्त्याची तीनचतुर्थांश क्षमता कागदावर विकली गेली. रस्त्यावर गाडी दिसायला पुढे पाच-सहा वर्षे लागतात, आणि तोपर्यंत सही करणारा अधिकारी बदललेला असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की जमिनीचे रूपांतर हा वाहतुकीचा निर्णय असतो आणि रस्ता काढणे हा जमीन-वापराचा. ही जोडी तोडली की दोन्ही निर्णय चुकतात.

आता हे दोन आराखडे वेगळे का, याकडे येतो. गोव्यात जमिनीचा आराखडा १९७४च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याखाली होतो. २००१ सालासाठीचा पहिला प्रादेशिक आराखडा १९८६ मध्ये अधिसूचित झाला. २०११चा आराखडा २००६ मध्ये आला आणि लोकांच्या उठावानंतर काही महिन्यांतच मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, नगरनियोजनकार एडगर रिबेरो यांच्यासारख्या जाणकारांच्या कृती दलाने काम केले, मसुदे गावोगावी पाठवून सूचना मागवल्या आणि २०२१चा आराखडा २०११ मध्ये अधिसूचित झाला. त्याचे लक्ष्यवर्ष उलटून गेले तरी नवा आराखडा नाही. जुन्याला, तुकड्यातुकड्याने जमीन-वापर बदलू देणाऱ्या कलमांची, ठिगळे मात्र लागत राहिली: २०१८ मध्ये कलम १६-ब, २०२३ मध्ये १७ (२), २०२४ मध्ये ३९-अ. या कलमांच्या कायदेशीरपणाची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि न्यायालयांतही ती चालली, तिच्यात मी शिरत नाही. नियोजनकार म्हणून माझी तक्रार वेगळी आहे. तुकड्यातुकड्याने होणारा प्रत्येक बदल एकटा पाहिला तर लहान आणि निरुपद्रवी दिसतो, आणि त्यांची बेरीज करणारे कोणी नसते.

रस्त्यांची बाजू याहून विखुरलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्रीय मंत्रालयाच्या मंजुरीने होतात, इतर मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे (साबांखा), गावातले पंचायतीकडे, बसगाड्या कदंब महामंडळ आणि खासगी मालकांकडे, परवाने वाहतूक खात्याकडे, फेरीबोटी नदी परिवहन खात्याकडे आणि रेल्वे तर दोन वेगवेगळ्या व्यवस्थापनांकडे. मोठ्या नगरांसाठी राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली, पण ती दहा लाख आणि त्याहून अधिक लोकवस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी. गोव्यात तसे एक शहर नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा ही पाच शहरे आणि मधली गावे मिळून रोजच्या ये-जा करणाऱ्याच्या लेखी एकच शहर झाले आहे, पण कायद्याच्या लेखी ते शहर अस्तित्वात नाही. त्याच दुरुस्तीतली जिल्हा नियोजन समिती मात्र आपल्याला लागू आहे, आणि पंचायती व नगरपालिका यांच्या समाईक बाबींत तिने जागेच्या नियोजनाचा आणि पायाभूत सोयींच्या एकत्रित विकासाचा विचार करावा, असे घटनेत स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य ग्रामसभेच्या ठरावात उद्धृत करायला हरकत नाही.

अमेरिकेत १९६२च्या कायद्याने पन्नास हजारांवरील लोकवस्तीच्या नागरी भागांना केंद्राचा महामार्ग निधी हवा असेल तर सर्व संस्थांनी मिळून, अखंड आणि सर्वांगीण नियोजन करण्याची अट घातली. पुढे १९९१ पासून असा आराखडा किमान वीस वर्षांचा आणि पैशाचा मेळ दाखवणारा हवा, असे ठरले. पैशाच्या अटीचा मला हेवा वाटतो. आपल्याकडे नकाशावर रेष मारायला पैसा लागत नाही, म्हणून रेषा पुष्कळ असतात. रेष ज्याच्या कुळागरावरून (सुपारी-नारळाच्या बागेवरून) गेली तो माणूस वीस वर्षे घर वाढवू शकत नाही आणि रस्ताही येत नाही.

समन्वय नसल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपण रोज पाहतो, ते मांडवीवर. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा जुना पूल कोसळला, तेव्हा फेरीबोटींच्या रांगांत तासन्‌तास उभे राहिलेल्या पिढीला एकच पूल असण्याची किंमत कळली. त्यानंतर पूल बांधले गेले, आणि २०१९च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. आज पणजीपाशी मांडवीवर तीन रस्ते-पूल आहेत, पण तिन्ही एकमेकांना खेटून. एक पडला तर दुसरा आहे, एवढा फायदा झाला. वाहतुकीची वाट मात्र एकच राहिली, आणि तिन्ही पुलांवरून आलेली गाडी दोन्ही तीरांवर जवळजवळच्याच चौकांत उतरते. जुआरीवरही नवा पूल जुन्याच्या शेजारीच आला. हे स्थापत्याच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे: जमीन हाताशी असते, जोडरस्ते तयार असतात.

या काळात पलीकडच्या तीरावर काय झाले? पर्वरीच्या पठारावर विधानसभा आणि सचिवालयाचा संकुल आला, पुढे उच्च न्यायालयाची नवी इमारतही २०२१ मध्ये तिथेच झाली. पणजी, तिसवाडी आणि दक्षिणेकडून येणारा सरकारी कर्मचारी, वकील, पक्षकार रोज नदी ओलांडू लागला. बार्देशातून पणजीला येणारा उलट दिशेने ओलांडतच होता. कार्यालयांपाठोपाठ घरे आली, दुकाने आली आणि महामार्गाची कड बाजारपेठ झाली. महामार्ग गावातून जाणारा रस्ता बनला आणि शेवटी त्याच्या डोक्यावर उड्डाणमार्ग काढायची वेळ आली. सचिवालयाची जागा ठरवताना पुढच्या वीस वर्षांच्या नदीपार फेऱ्यांचा एक तक्ता समोर असता तरी कदाचित जागा हीच ठरली असती. पण मग महामार्गाकडेला दुकानांना तोंडे द्यायची की नाही, हा प्रश्न त्याच दिवशी विचारला गेला असता. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून खुल्या भागात ४० मीटरपर्यंत बांधकाम नको आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण हवे, असे मानक फार जुने आहे. ते पाळायची वेळ रस्ता नवा असताना असते. दुकानाची पायरी एकदा बसली की मानकाची किंमत भरपाईच्या रकमेत मोजावी लागते.

तुमच्या तालुक्यात नेमकी हीच वेळ आत्ता आहे. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला. पेडणे तालुक्याच्या झोनिंगचा मसुदा त्यानंतर आला आणि लोकांच्या विरोधामुळे मागे घेतला गेला. मसुद्यातल्या गुणदोषांपेक्षा मला क्रम खटकला. विमानतळाची जागा ठरली तेव्हाच, जमिनीचे भाव चढण्याआधी, तालुक्यातली कोणती जमीन कायम बागायती, कोणती गोदामांना, कामगारांची घरे कुठे आणि जोडरस्त्याला किती ठिकाणी तोंडे, हे ठरायला हवे होते. भाव चढल्यावर केलेला आराखडा कितीही चांगला असला तरी त्यातली प्रत्येक रेष कोणाच्या तरी लाभाची किंवा तोट्याची दिसते, आणि पुष्कळदा ती असतेही.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. दिवाडी बेटावर आजही फेरीबोटीनेच जावे लागते. पूल नसल्यामुळे तिथल्या लोकांना होणारा त्रास खरा आहे. रात्री आजारी माणसाला पणजीत न्यायचे असेल तर फेरीबोटीच्या वेळेवर जीव टांगणीला लागतो. पण दिवाडीची शेते, खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची जमीन) आणि वाडे आजच्या स्थितीत टिकले त्यात आराखड्यातल्या रंगापेक्षा त्या न बांधलेल्या पुलाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. म्हणून पुलाच्या मागणीबरोबर बेटाच्या जमिनीचे काय, हा प्रश्न त्याच ठरावात असावा.

दीर्घकालीन वाहतूक आराखडा प्रत्यक्षात कसा होतो, हे थोडे सांगतो, कारण ग्रामसभेत प्रश्न विचारायला ते उपयोगी पडेल. प्रदेशाचे लहान विभाग पाडतात. प्रत्येक विभागात आज किती माणसे राहतात, किती जण कामाला येतात आणि लक्ष्यवर्षी हे आकडे किती होतील, ते ठरवतात. त्यावरून फेऱ्या किती निघतील, त्या कुठून कुठे जातील, बसने किती आणि स्वतःच्या गाडीने किती, आणि शेवटी कोणत्या रस्त्याने, असे चार टप्प्यांत गणित करतात. संगणक शेवटचे तीन टप्पे निमूटपणे करतो. सारा खेळ पहिल्या टप्प्यात, म्हणजे लक्ष्यवर्षाच्या लोकवस्तीच्या तक्त्यात असतो. हा तक्ता रस्ते खात्याचा सल्लागार स्वतःच्या अंदाजाने भरतो आणि नियोजन खाते त्याच काळात वेगळ्या अंदाजाने जमिनीचे रंग बदलत असते. मी एका अभ्यासात ज्या भागाची वाढ नगण्य धरली होती, तिथे अहवाल छापून येईपर्यंत तीन मोठे गृहप्रकल्प उभे राहत होते. चूक माझीही होती: मी जुना नकाशा घेऊन बसलो होतो आणि रूपांतरांची यादी मागितलीच नव्हती. दोन्ही खात्यांनी लोकवस्तीच्या एकाच तक्त्यावर सह्या कराव्यात आणि प्रत्येक रूपांतरानंतर तो तक्ता दुरुस्त व्हावा, एवढे झाले तरी समन्वयाचे निम्मे काम झाले असे मी समजतो. त्याला नवा कायदा लागत नाही.

गोव्यात या गणिताला एक देणगी आहे आणि एक अडचण. देणगी नद्यांची. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुआरी, साळ, तळपण यांनी प्रदेशाचे नैसर्गिक पट्टे पाडले आहेत, त्यामुळे थोड्या पुलांवर आणि फेरीधक्क्यांवर मोजणी केली की उत्तर-दक्षिण फेऱ्यांचे जवळजवळ पूर्ण चित्र हाती येते. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी त्यासाठी शेकडो नाक्यांवर माणसे बसवावी लागतात. अडचण आहे ती लोकसंख्येची. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. २०२१ची जनगणना झालीच नाही. शिवाय जनगणना रहिवासी मोजते, पर्यटक नाही, आणि वर्षातून तीन आठवडे उघडणारे दुसरे घर तिच्या लेखी रिकामे असते. त्या २०११च्या गणनेतच सुमारे पाचवा हिस्सा घरे रिकामी होती. ती डिसेंबरात एकदम भरतात, आणि प्रत्येक घरासमोर भाड्याची एक गाडी उभी राहते. वर्षाची सरासरी धरून रस्ता आखला तर नाताळात तो तुंबतो. नाताळ धरून आखला तर जूनमध्ये गरजेपेक्षा दुप्पट रुंद रस्ता आपण भातशेतीतून काढलेला असतो. मी स्वतः हंगामातला साधा कामकाजाचा दिवस धरतो आणि शेवटच्या आठवड्याची गर्दी रस्त्याने नव्हे, तर पार्किंग, जादा बसगाड्या आणि एकेरी वाहतुकीने सोसावी, या मताचा आहे.

बसविषयी एकच मुद्दा, पण तो रूपांतराच्या अर्जाशी थेट जोडलेला आहे. जुने गोमंतकीय गाव बसला सोयीचे होते: वाडे रस्त्याच्या कडेने, शेताच्या वरच्या काठाने, आणि बहुतेक घरे थांब्यापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर. कदंब महामंडळ १९८० मध्ये सुरू झाले ते या गावांच्या जोरावर. माळावरची बंद फाटकाची वसाहत, जिला एकच तोंड आणि आत गोल फिरून परतणारा रस्ता, तिथे कोणतीही बस शिरू शकत नाही. तिथला प्रत्येक माणूस गाडीवालाच असणार, हे मांडणीनेच ठरते. खासगी बसगाड्या कदंबमार्फत चालवण्याच्या २०२३च्या म्हजी बस योजनेसारखे प्रयत्न मला मोलाचे वाटतात, पण आराखडा बसविरोधी असेल तर वेळापत्रकाने तो सुधारत नाही.

रेल्वेबद्दल फार लिहीत नाही. कोकण रेल्वेची थिवी आणि करमळी ही स्थानके शहरांपासून दूर आहेत, लोकल सेवा नाही, आणि स्थानकाभोवतालच्या जमिनीचा स्थानक म्हणून कोणी विचार केलेला नाही.

आता तुमचा दहा मीटरचा प्रस्ताव. त्याला होय किंवा नाही असे उत्तर देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. 'नाही' म्हटले तर माळावरची घरे थांबत नाहीत; ती पावणेचार मीटरच्या रस्त्यावर उतरतात आणि शाळेत जाणारी मुले गटाराच्या काठाने चालतात. 'होय' म्हटले तर दहा मीटरचा रस्ता हीच पुढच्या रूपांतराची शिफारस ठरते, कारण त्या दिवसापासून प्रत्येक अर्जात 'दहा मीटर रुंदीचा रस्ता उपलब्ध' असे लिहिता येते. सशर्त ठराव करा. त्यात पहिली मागणी अशी असावी की या रस्त्यावर अवलंबून असलेल्या सर्व रूपांतरांची, सनदांची (बिगरशेती परवान्यांची) आणि तांत्रिक मंजुऱ्यांची एकत्र यादी, घरांच्या संख्येसह, ग्रामसभेपुढे ठेवावी. ही बेरीज आजवर कोणी केलेली नसेल, आणि ती पाहिल्यावर चर्चेचा सूरच बदलतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरे, दहा मीटर ही जागेची रुंदी असू द्या, डांबराची नको. साडेपाच मीटरचा रस्ता, एका बाजूला पायवाट, दोन्हीकडे पुरेशी गटारे आणि जुनी झाडे असतील तिथे रुंदी सोडून देण्याची मुभा एवढे त्यात नीट बसते. घराचा सोपा, तुळस किंवा खुरीस (क्रूस) मध्ये येत असेल तिथे तेवढ्यापुरता रस्ता अरुंद ठेवून समोरून येणाऱ्याला थांबायला जागा केली तरी गावच्या वेगाला ते पुरते. तिसरे, माळावरच्या प्रकल्पांना मोठ्या रस्त्याकडे स्वतंत्र वाट हवी, आणि तिचा खर्च प्रकल्पांनी उचलावा. ती वाट खाजनातून किंवा शेतातून भराव टाकून जाणार असेल तर मात्र तिला विरोध करा. भरावाचा रस्ता म्हणजे पाण्याला आडवा बांध असतो. मडगावच्या पश्चिम बगलरस्त्यावर बाणावलीच्या बाजूला खांबांवरचा रस्ता हवा म्हणून लोक इतकी वर्षे का भांडले, ते तिथला पावसाळा पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

आणि ठरावाआधी स्वतःची मोजणी करा. त्याला सल्लागार लागत नाही; उच्च माध्यमिकची दहा मुले, दोन नाके आणि एक छापील तक्ता पुरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एक मंगळवार किंवा बुधवार घ्यावा, आणि दुसरी मोजणी जुलैत करावी. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, म्हणून तो वेगळा मोजावा. त्याचा आकडा सरासरीत मिसळू नये. चतुर्थीचा आठवडा पूर्ण टाळावा. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ या वेळांत दुचाकी, चारचाकी, टँकर-ट्रक, बस आणि पायी चालणारे असे पाच रकाने ठेवावेत. पायी चालणाऱ्यांचा रकाना विसरू नये, कारण सरकारी मोजणीत तो बहुधा नसतो. हा तक्ता ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडून घ्या आणि त्याची प्रत नगर नियोजन खाते व साबांखा या दोन्हींकडे एकाच पत्राने, एकाच तारखेला पाठवून पोच घ्या. माळावरचा पुढचा अर्ज येईल तेव्हा त्या रस्त्याचा पायाभूत आकडा म्हणून दोन्ही कार्यालयांत नोंदलेला कागद तोच असेल.